'हिल स्टेशन' : एका इंग्रजी जोडशब्दाचा अर्थ, वापर आणि इतिहास

'पोलीस स्टेशन' या इंग्रजी जोडशब्दाला मराठीत 'पोलीस ठाणे' असा प्रतिशब्द रूढ झाला. 'रेल्वे स्टेशन'साठी 'रेल्वे स्थानक' हा शब्द घडविण्यात आला आणि बोलण्यात 'स्टेशन' किंवा 'ठेसन' राहिले. 'हिल स्टेशन' या तिसऱ्या शब्दाच्या बाबतीत मात्र वेगळेच घडले. शालेय भूगोलाच्या पुस्तकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत तो 'थंड हवेचे ठिकाण' असा रूढ झाला. या मराठी शब्दप्रयोगात 'हिल'ही नाही आणि 'स्टेशन'ही नाही. मूळ शब्दात हवेचा उल्लेख नाही, तर मराठीत हवेवाचून दुसरे काही उरलेले नाही. भाषांतरात शब्द बदलतात, परंतु मूळ शब्दाचे दोन्ही घटक गळून जावेत हे विरळा. जे गळाले ते कोणते आणि त्याच्या गळण्याने इतिहासाच्या आकलनात काय फरक पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'स्टेशन'चा अर्थ

आजच्या वाचकाला 'स्टेशन' म्हटले की आगगाडी आठवते. बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. महाबळेश्वर, सिमला, उटकमंड ही ठिकाणे तत्पूर्वीच उभी राहिली होती. त्यामुळे या जोडशब्दातील 'स्टेशन'चा रेल्वेशी संबंध नाही. लॅटिनमधील 'उभे राहणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला हा शब्द इंग्रजीत प्रथम पहाऱ्याची, नेमणुकीची जागा या अर्थाने वापरला जाई. कंपनी सरकारच्या अमदानीत त्याला एक खास हिंदुस्थानी अर्थ चिकटला. यूल आणि बर्नेल यांचा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश 'हॉब्सन-जॉब्सन' १८८६ मध्ये निघाला. त्यात 'स्टेशन'ची नोंद स्वतंत्रपणे केलेली आहे. जिल्ह्यातील इंग्रज अधिकारी किंवा छावणीतील लष्करी अधिकारी जेथे राहतात ती जागा, असा त्याचा अर्थ तेथे दिला आहे. त्याच नोंदीत दुसराही अर्थ आहे: अशा जागी राहणारा एकूण गोरा समाज. म्हणजे 'सारे स्टेशन काल नाचाला आले होते' असे वाक्य त्या काळच्या इंग्रजीत अगदी स्वाभाविक होते. त्या 'साऱ्या'मध्ये शेजारच्या कसब्यातील हजारो माणसे अर्थातच धरलेली नसत.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, 'स्टेशन' हा शब्द गावाचे वर्णन करीत नाही. तो गावात नेमून आलेल्यांचे वर्णन करतो. सिव्हिल स्टेशन, मिलिटरी स्टेशन, आउट-स्टेशन हे सर्व जोडशब्द याच जातीचे आहेत. नेमणूक संपली की माणूस जातो, स्टेशन राहते आणि दुसरा माणूस येतो. मराठीतील 'ठाणे' हा शब्द या अर्थाच्या अगदी जवळ आहे. अंमलदाराचे ठाणे, शिबंदीचे ठाणे, 'ठाणे बसविणे' आणि 'ठाणे उठविणे' हे प्रयोग मराठेशाहीच्या कागदपत्रांत पदोपदी आढळतात. पोलिसांच्या बाबतीत भाषांतरकारांना तो शब्द सुचला, डोंगरावरील वस्तीच्या बाबतीत सुचला नाही, किंवा सुचूनही नकोसा वाटला. 'डोंगरी ठाणे' असा शब्द मराठीत रूढ झाला असता, तर महाबळेश्वरच्या इतिहासाचे निम्मे काम त्या शब्दानेच केले असते.

आरोग्यस्थानापासून ठाण्यापर्यंत

प्रारंभी इंग्रजांनीही या जागांना सरसकट 'हिल स्टेशन' म्हटले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कागदांत 'सॅनिटेरियम' किंवा 'सॅनेटोरियम', म्हणजे आरोग्यस्थान, हा शब्द ठळकपणे दिसतो. सिक्कीमच्या राजाने १ फेब्रुवारी १८३५ रोजी दार्जिलिंगचा प्रदेश कंपनीला दिला, तो आजारी नोकरांना तेथील थंड हवेचा लाभ व्हावा या कारणासाठी. रोग दूषित हवेतून, दलदलीच्या वाफेतून होतात अशी त्या काळच्या वैद्यकाची समजूत होती. त्यामुळे उंचावरची कोरडी, थंड हवा हे औषधच मानले जाई. ही निकड खोटी नव्हती. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने १८६३ मध्ये अहवाल दिला, तेव्हा पूर्वीच्या अर्धशतकात दर हजारी सरासरी ६९ सैनिक दरवर्षी मरण पावल्याचे नमूद झाले. लढाईपेक्षा ताप, हगवण आणि पटकी यांनीच फौज अधिक खचत होती.

मराठीतील 'हवापालट', 'हवा खाण्यास जाणे', 'तेथली हवा मानवणे' हे प्रयोग या वैद्यकाशी सहज जुळले. म्हणूनच 'थंड हवेचे ठिकाण' हे 'हिल स्टेशन'चे भाषांतर नसून वस्तुतः त्याच्या आधीच्या 'सॅनिटेरियम' या शब्दाचे भाषांतर आहे, असे म्हणावे लागते. इंग्रजी शब्द पुढे सरकला. मराठी शब्द पहिल्या मुक्कामावरच थांबला.

इंग्रजी शब्द पुढे सरकला तो राज्यकारभारामुळे. सिमल्यास १८२२ मध्ये केनेडी या अधिकाऱ्याने घर बांधले, तेव्हा ती एका अधिकाऱ्याची विश्रांतीची जागा होती. १८६४ मध्ये व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स यांनी तेथे उन्हाळी राजधानी नेली, तेव्हा साम्राज्याचे दप्तर वर्षातील मोठा काळ डोंगरावर राहू लागले. मद्रास इलाख्याचा कारभार उन्हाळ्यात उटकमंडहून चाले. मुंबई इलाख्याची तऱ्हा आणखी न्यारी होती: हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुण्याचे गणेशखिंड. सरकारच हवेप्रमाणे हालत होते. या टप्प्यावर 'आरोग्यस्थान' हा शब्द अपुरा पडणे अपरिहार्य होते. जेथे निर्णय होतात, जेथे नेमणुका मिळतात, त्या जागेला 'स्टेशन'च म्हणावयास हवे होते.

या व्यवस्थेवरील एक मार्मिक टीका महात्मा गांधींची आहे. १९२१ मध्ये सिमल्यास जाऊन आल्यावर त्यांनी लिहिलेल्या लेखात सरकार पाचशेव्या मजल्यावरून कारभार करते, असे चित्र उभे केले. उंचीचा अर्थ येथे हवामानाचा राहिला नाही. पुढे १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर प्रकृती सुधारण्यासाठी ते पाचगणीस राहिले, हेही खरे. दोन्ही गोष्टींत विसंगती नाही. एकात 'स्टेशन' आहे, दुसरीत 'सॅनिटेरियम'.

क्षेत्र आणि पेठ

महाबळेश्वरचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. कृष्णेचा उगम, महाबळेश्वराचे आणि पंचगंगेचे देऊळ यांमुळे ही जागा इंग्रज येण्यापूर्वी शतकानुशतके ज्ञात होती. तिचे नाव 'क्षेत्र' होते. पठारावर कुणबी, कोळी, धनगर यांच्या वाड्या होत्या. धावड नावाचे मुसलमान कारागीर येथील खनिजापासून लोखंड गाळीत. १८२४ मध्ये जनरल लॉडविक हा अधिकारी येथे चढून आला, आणि पुढील इंग्रजी पुस्तकांत 'शोध' हा शब्द त्याच्या नावापुढे लागला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये येथे आरोग्यस्थानाची योजना हाती घेतली आणि १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी तह करून ही भूमी मिळविली. मोबदल्यात महाराजांना वाई प्रांतातील खंडाळा हे गाव देण्यात आले. नव्या वस्तीस गव्हर्नरांच्या नावावरून 'मालकमपेठ' म्हणू लागले. ज्या महाराजांनी ही भूमी दिली, त्यांनाच दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, कंपनी सरकारने पदच्युत केले. पुढे साताऱ्याचे राज्यही खालसा झाले.

तहातील देवघेव एका गावाच्या बदल्यात एक गाव अशी दिसते. परंतु शब्दांच्या अंगाने पाहिल्यास ती तशी नव्हती. खंडाळा हे गाव होते आणि गावच राहिले. महाबळेश्वरच्या पठाराचे मात्र 'स्टेशन' झाले. तेथे मोसम आला. ऑक्टोबरात काही आठवडे आणि मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत बंगले गजबजत. मृगाचा पाऊस सुरू झाला की घोडी, पालख्या, खानसामे आणि दप्तरे घाट उतरून जात आणि इंग्रजी लिखाणाच्या दृष्टीने महाबळेश्वर बंद होई. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणाऱ्या त्या पावसात वाड्यांतील माणसे तेथेच असत, त्यांची नाचणी आणि वरी त्याच पावसावर पिके. स्टेशनला बंद काळ असतो, गावाला नसतो. शब्दांच्या अर्थातील हा फरक येथे प्रत्यक्ष जमिनीवर दिसतो.

आणखी एक वर्ग या शब्दातून निसटला आहे. इंग्रजांनी मलाक्का सामुद्रधुनीच्या प्रदेशातून आणलेले चिनी आणि मलायी कैदी महाबळेश्वरी ठेवले होते. त्यांच्याकडून रस्ते करवून घेतले गेले; बटाटे आणि विलायती भाजीपाला यांच्या लागवडीतही त्यांचा हात होता. तेथील तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. धावडांच्या भट्ट्याही जंगलाचे नियम कडक झाल्यावर आणि स्वस्त विलायती लोखंड आल्यावर विझल्या. हवा थंड होती हे खरे, पण ती खाण्याची सोय या हातांनी केली होती. पॉइंटांची नावे मात्र गव्हर्नरांची आणि अधिकाऱ्यांची पडली: आर्थर, लॉडविक, विल्सन. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १९१६ मध्ये महाबळेश्वरावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, तेव्हा क्षेत्राचा जुना इतिहास आणि स्टेशनचा नवा इतिहास त्यांना शेजारी शेजारी मांडता आला. दोहोंना सामावणारा एक शब्द त्यांच्या काळीही उपलब्ध नव्हता. बोलीभाषेने आपल्यापुरती तोड काढली: देवळांच्या जागेस लोक 'जुने महाबळेश्वर' म्हणू लागले. वस्तुतः तेच एकमेव महाबळेश्वर होते. स्टेशन आल्यामुळे ते 'जुने' झाले.

'हिल' हा घटकही निरागस नाही. इंग्लंडमध्ये 'हिल' म्हणजे चढून सायंकाळी परत यावे अशी टेकडी. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट समुद्रसपाटीपासून सुमारे १४३८ मीटर आहे. ब्रिटनमधील सर्वांत उंच पर्वत बेन नेव्हिस १३४५ मीटर. सिमला तर बावीसशे मीटरच्या आसपास. स्वदेशातील सर्वोच्च पर्वताहून उंच जागेला टेकडी म्हणण्यात हिमालयाशी केलेली तुलना आहे, तशीच परक्या, अवाढव्य भूमीला घरगुती करून घेण्याची वृत्तीही आहे. सह्याद्रीत राहणाऱ्यांच्या बोलीत टेकडी, डोंगर, पठार, सडा, माळ, घाटमाथा अशा वेगवेगळ्या संज्ञा आहेत, आणि प्रत्येकीचा जमिनीच्या वेगळ्या उपयोगाशी संबंध आहे. पाचगणीचे 'टेबललँड' हा चराईचा माळ होता. माथेरान या नावातच 'माथा' आणि 'रान' ही दोन मराठी पदे एकत्र आलेली दिसतात. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट तेथे चढले तेव्हा त्या रानात धनगर, ठाकूर, कातकरी वावरत होते आणि त्यांच्या पायवाटा होत्या.

शब्दाचा प्रवास

हा जोडशब्द हिंदुस्थानात घडला आणि साम्राज्याबरोबर बाहेर गेला. सिलोनमधील नुवारा एलिया, मलायातील कॅमेरन हायलँड्स यांना तो लागला. अमेरिकनांनी फिलिपाइन्समध्ये बागिओ वसविले, त्यासही तोच. फ्रेंचांनी व्हिएतनाममधील दालातसाठी 'उंचीवरचे स्टेशन' अशा अर्थाची आपली संज्ञा वापरली. कोडईकनालला पहिली घरे अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४५ मध्ये बांधली, इंग्रज अधिकाऱ्यांनी नव्हे. तरीही शब्दाच्या कक्षेतून ते सुटले नाही. नोरा मिशेल यांनी १९७२ मध्ये कोडईकनालचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो 'भारतीय हिल स्टेशन' या सदराखालीच. डेन केनेडी यांचा १९९६ चा 'द मॅजिक माउंटन्स' हा ग्रंथ तर या वस्त्यांना ब्रिटिश राजसत्तेचे एक अंग मानूनच लिहिला आहे.

या प्रवासातील एक मुक्काम मात्र सर्वांहून वेगळा आहे आणि तेथे शब्दाचा अर्थ अगदी उघडा पडतो. सिकंदराबाद येथे ऑगस्ट १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात शोधला. दूषित हवेचा सिद्धांत कोलमडला. वास्तविक त्याबरोबर 'आरोग्यस्थान' ही कल्पनाही मोडीत निघावयास हवी होती. झाले उलट. रॉस यांनी १८९९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनला भेट दिली. त्यानंतर काही वर्षांतच, १९०४ मध्ये, फ्रीटाउन शहराच्या वर डोंगरावर फक्त युरोपीय अधिकाऱ्यांसाठी वसाहत उभारण्यात आली. तिच्यासाठी स्वतंत्र डोंगरी रेल्वे घालण्यात आली. हिवतापाचे जंतू आफ्रिकी वस्तीत असतात आणि डास ते गोऱ्यांपर्यंत आणतात, म्हणून रात्री दोन्ही समाज दूर असावेत, असे समर्थन पुढे करण्यात आले. या वसाहतीचे नाव 'हिल स्टेशन' असेच ठेवले गेले. सामान्यनाम तेथे विशेषनाम झाले. फ्रीटाउनमधील तो भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. वैद्यकाचा सिद्धांत शंभर टक्के उलटला तरी शब्द जागचा हलला नाही. याचे कारण तो मुळातच हवेवर उभा नव्हता, हे फ्रीटाउनच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

कायद्यातील 'हिल स्टेशन'

स्वातंत्र्यानंतर नेमणुकीचा अर्थ ओसरला आणि पर्यटनाचा अर्थ आला. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान येथील स्थानिक संस्था 'गिरिस्थान नगरपरिषद' झाल्या. 'गिरिस्थान' हा संस्कृत वळणाचा शब्द दिसावयास शब्दशः भाषांतर आहे. तथापि 'स्थान' आणि 'स्टेशन' यांत जे अंतर आहे ते मोठे आहे. 'स्थान' देवाचे असते, मानाचे असते, ते स्थिर असते. ठाण्यातील सत्ता आणि तात्पुरतेपणा त्यात उमटत नाही. बोलण्यात हा शब्द फारसा उतरलाही नाही.

खरा बदल १९९६ मध्ये झाला. महाराष्ट्र शासनाच्या नगरविकास विभागाने २६ नोव्हेंबर १९९६ रोजी विशेष नियमावली प्रसिद्ध केली. 'हिल स्टेशन टाइप एरिया', म्हणजे हिल स्टेशनसारख्या प्रदेशात, पर्यटनस्थाने, सुटीतील घरे आणि नगरे उभारण्यासाठी ती होती. भाषेच्या अभ्यासकाने या शब्दरचनेपाशी थोडे थांबावे. नाम येथे विशेषण झाले आहे. एखादी जागा हिल स्टेशन असण्याची आता गरज नाही. ती 'तशा प्रकारची' असली की पुरे. एकोणिसाव्या शतकात आधी वस्ती झाली आणि मग शब्द लागला. आता शब्द आधी लागतो आणि त्याच्या बळावर वस्ती उभी राहते. या नियमावलीखाली १ जून २००१ रोजी पुणे जिल्ह्यातील मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतील १८ गावांचा प्रदेश घोषित झाला, आणि वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी लवासा हा खासगी नगरप्रकल्प उभा राहू लागला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरणविषयक परवानगीच्या प्रश्नावर नोटीस काढली, वर्षभराने अटींसह मंजुरी मिळाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. मोसे खोऱ्यातील अनेक कुटुंबांच्या जमिनी त्यापूर्वीच धरणाखाली गेल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने शब्दाचा अर्थ हवेशी निगडित नव्हता, सात-बाराशी होता.

याच काळात दुसरी एक संज्ञा जुन्या गिरिस्थानांना लागली. केंद्र शासनाने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी आणि ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केले. बांधकाम आणि उद्योगांवर बंधने आली. म्हणजे एकाच राज्यात, अवघ्या सात वर्षांच्या अवधीत, 'हिल स्टेशन' हा शब्द एकीकडे बांधकामाची परवानगी ठरला आणि दुसरीकडे त्याच नावाच्या मूळ जागांवर बांधकाम आवरण्याची पाळी आली. बंधनांचा भार हॉटेलमालकावर पडतो तसा घराला एक खोली वाढवू पाहणाऱ्या स्थानिक शेतकऱ्यावरही पडतो, याची चर्चा त्या मानाने कमी झाली आहे.

माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे प्रवासी घोड्यावर किंवा माणसाने ओढावयाच्या रिक्षातून जात आले. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली, तरी गावातील वाहतूक माणसाच्या आणि जनावराच्या बळावरच राहिली. बंदीमुळे रान वाचले, हे नाकारता येत नाही. त्याच बंदीने हातरिक्षा एकविसाव्या शतकातही जिवंत ठेवली, हेही नाकारता येत नाही. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्याव्यात असा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे राज्यघटनेतील प्रतिष्ठेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. स्टेशनच्या व्यवस्थेत जो वर्ग नेहमी शब्दाबाहेर राहिला, त्याची दखल येथे न्यायालयाच्या निकालपत्रात घेतली गेली.

महाबळेश्वरच्या संदर्भात हा शब्द पुन्हा एकदा हलला आहे. 'नवीन महाबळेश्वर गिरिस्थान' या नावाने सातारा जिल्ह्यातील प्रकल्पासाठी २०१९ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली, आणि त्यात प्रारंभी २३५ गावे समाविष्ट करण्यात आली. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाभोवतालची अनेक गावे त्यात येतात. त्यांपैकी कित्येकांनी धरणासाठी एकदा जमिनी दिलेल्या आहेत. क्षेत्र 'जुने' झाले त्याला जवळजवळ दोन शतके लोटली. मालकमपेठेचे महाबळेश्वर आता या 'नव्या'च्या तुलनेत कोणत्या नावाने ओळखले जाईल, हे यथावकाश कळेल. २३५ गावांची नावे मात्र महसुली दप्तरात आज जशी आहेत तशीच आहेत, आणि त्यांतील एकाचेही नाव 'गिरिस्थान' असे नाही.